डिस्को दीवाने (अल्बम)

'डिस्को दीवाने' हा नाझिया हसन आणि झोहेब हसन या पाकिस्तानी भावंडांच्या जोडीचा पहिला स्टुडिओ अल्बम होय. तो १९८१ साली प्रकाशित झाला. मूळचे बंगळूरचे आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले संगीतकार-निर्माते बिद्दू यांनी त्याची निर्मिती केली. प्रकाशनाच्या वर्षी नाझिया यांना सोळावे, तर झोहेब यांना पंधरावे वर्ष पूर्ण झाले. कोणत्याही चित्रपटाच्या आधाराशिवाय, केवळ गायकांच्या नावावर आणि गीतांच्या बळावर भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांत घराघरांत पोहोचलेला हा दक्षिण आशियातील आरंभीचा पॉप अल्बम मानला जातो. भारतात पुढे 'इंडीपॉप' या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीतप्रवाहाची पूर्वपीठिका म्हणून, तसेच पाकिस्तानी पॉप संगीताचा प्रारंभबिंदू म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

थोडक्यात माहिती

कलाकार: नाझिया हसन आणि झोहेब हसन
निर्माता: बिद्दू
प्रकाशन वर्ष: १९८१
ध्वनिमुद्रणाचे ठिकाण: लंडन
भाषा: उर्दू-हिंदी
संगीतप्रकार: डिस्को, पॉप
प्रकाशक: एचएमव्ही (भारत), ईएमआय (पाकिस्तान)
पुढील अल्बम: स्टार / बूम बूम (१९८२)

नाव

अल्बमचे शीर्षक दोन भिन्न भाषांतील शब्दांचे बनलेले आहे. 'डिस्को' हे 'डिस्कोथेक' या फ्रेंच शब्दाचे संक्षिप्त रूप. ग्रंथालयासाठी असलेल्या 'बिब्लिओथेक' या शब्दाच्या धर्तीवर तो घडवला गेला. तबकड्यांचा संग्रह आणि त्यावरून तबकड्या वाजवून नृत्य करण्याची जागा असा त्याचा अर्थविस्तार झाला. 'दीवाने' हे 'दीवाना' या फार्सी शब्दाचे अनेकवचन आहे. 'दीव' म्हणजे पिशाच्च. त्याने झपाटलेला तो 'दीवाना'. हाच शब्द मराठीत 'दिवाणा' या रूपाने रुळला आहे. त्यामुळे शीर्षकाचा अर्थ 'डिस्कोने झपाटलेले' असा होतो. परकी नृत्यशैली आणि गझलेच्या परंपरेत मुरलेला शब्द यांचा हा संयोग अल्बमच्या एकूण स्वरूपाचेही द्योतक ठरतो.

पार्श्वभूमी

हसन भावंडे

नाझिया हसन यांचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी आणि झोहेब हसन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९६६ रोजी कराची येथे झाला. वडील बसीर हसन हे व्यावसायिक होते, तर आई मुनीझा बसीर या सामाजिक कार्यकर्त्या होत्या. दोन्ही मुलांचे बालपण कराची आणि लंडन या दोन शहरांत गेले. १९७० च्या दशकात पाकिस्तान टेलिव्हिजनवर संगीतकार सोहेल राणा मुलांसाठी संगीताचे कार्यक्रम सादर करीत. त्या कार्यक्रमांतून या भावंडांनी गायनास आरंभ केला. घरात उर्दू आणि शाळेत इंग्रजी, तसेच एकीकडे उपखंडातील चित्रपटगीते आणि दुसरीकडे ब्रिटिश रेडिओवरील पॉप संगीत, अशा दुहेरी संस्कारांत ती वाढली.

'कुर्बानी' आणि 'आप जैसा कोई'

१९८० साली प्रदर्शित झालेल्या 'कुर्बानी' या हिंदी चित्रपटाचे निर्माते-दिग्दर्शक फिरोझ खान यांची लंडनमधील एका मेजवानीत नाझिया यांच्याशी ओळख झाली. त्यांनी या शाळकरी मुलीची बिद्दू यांच्याशी गाठ घालून दिली. 'कुर्बानी'चे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते. मात्र 'आप जैसा कोई' हे एक गीत बिद्दू यांनी संगीतबद्ध केले. ते इंदीवर यांनी लिहिले असून पडद्यावर झीनत अमान यांच्यावर चित्रित झाले आहे. तोवरच्या प्रस्थापित पार्श्वगायिकांच्या आवाजाहून सर्वस्वी निराळा असा कोवळा, किंचित अनुनासिक आवाज या गीतातून श्रोत्यांसमोर आला. या गीतासाठी नाझिया यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी गायिका होत.

बिद्दू

बिद्दू अप्पय्या यांचा जन्म बंगळूरचा. कुटुंब कोडगू प्रांतातील. तरुणपणी भारतातील हॉटेलांमधून आणि क्लबांमधून पाश्चात्त्य गीते गाऊन ते १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. कार्ल डग्लस यांनी गायलेले 'कुंग फू फायटिंग' (१९७४) हे त्यांची निर्मिती असलेले गीत ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत प्रथम स्थानावर पोहोचले. टीना चार्ल्स यांचे 'आय लव्ह टू लव्ह' (१९७६) हे गीतही ब्रिटनमध्ये अग्रस्थानी राहिले. युरोपातील डिस्को संगीताच्या आद्य निर्मात्यांमध्ये त्यांची गणना होते. 'आप जैसा कोई'च्या यशानंतर याच आवाजाचा एक संपूर्ण, चित्रपटनिरपेक्ष अल्बम करण्याचे त्यांनी ठरवले आणि त्यात झोहेब यांनाही सामील करून घेतले.

तत्कालीन संगीतव्यवहार

या अल्बमचे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळातील ध्वनिमुद्रिकांच्या बाजाराचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. हिंदी-उर्दू लोकप्रिय संगीत म्हणजे चित्रपटसंगीत, असे समीकरण अनेक दशके रूढ होते. गीत चित्रपटातील प्रसंगासाठी लिहिले जाई, पडद्यावर ते अभिनेता वा अभिनेत्री गात असे आणि त्याची प्रसिद्धी चित्रपटावर अवलंबून राही. गायकाचे नाव सर्वतोमुखी असले, तरी त्याचा चेहरा क्वचितच दिसे.

चित्रपटाबाहेरील संगीत अस्तित्वात नव्हते, असे नाही. गझल, भजन, कव्वाली आणि शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका नियमित निघत. जगजित आणि चित्रा सिंग यांच्या गझलांनी १९७० च्या दशकात मोठा श्रोतृवर्ग मिळवला होता. मराठीपुरते बोलायचे, तर भावगीताच्या रूपाने चित्रपटनिरपेक्ष गीताची स्वतंत्र व समृद्ध परंपरा १९३० च्या दशकापासूनच नांदत होती. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले 'गीतरामायण' हे तिचे ठळक उदाहरण होय. परंतु नृत्यप्रधान, तरुणांसाठी तरुणांनी गायलेले आणि चित्रपटाशी संबंध नसलेले हिंदी-उर्दू गीत मोठ्या प्रमाणावर खपू शकते, याचा दाखला मात्र नव्हता. तो 'डिस्को दीवाने'ने दिला.

याच सुमारास आणखी एक बदल घडत होता. महाग आणि नाजूक तबकडीची जागा स्वस्त, सहज हाताळता येणारी कॅसेट घेऊ लागली होती. आखाती देशांत कामाला गेलेले भारतीय व पाकिस्तानी कामगार परत येताना कॅसेट प्लेअर आणीत. संगीत ऐकण्याचे साधन दिवाणखान्यातील ग्रामोफोनवरून तरुण मुलांच्या खोलीत, चहाच्या टपरीवर आणि टॅक्सीत पोहोचले. पॉप संगीताच्या प्रसाराला ही परिस्थिती अनुकूल ठरली.

निर्मिती

अल्बमचे ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले. त्या काळी मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ध्वनिमुद्रणगृहांत मोठा वाद्यवृंद आणि गायक एकत्र बसून गीत ध्वनिमुद्रित करीत. एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. लंडनमध्ये मात्र बहुपट्टी ध्वनिमुद्रणाची पद्धत स्थिरावली होती. तीत ढोल, बास गिटार, सिंथेसायझर, व्हायोलिन आणि गायन हे प्रत्येक अंग स्वतंत्र पट्टीवर नोंदवून नंतर त्यांचे मिश्रण केले जाते. प्रत्येक अंगाचा आवाज कमी-अधिक करणे, त्यावर प्रतिध्वनीचा परिणाम देणे किंवा ते वगळून पाहणे त्यामुळे शक्य होते.

या तंत्राचा सर्वांत लक्षणीय उपयोग नाझिया यांच्या आवाजासाठी झाला. त्यांचा आवाज पातळ आणि वयाला साजेसा कोवळा होता. एकच ओळ दोनदा गाऊन घेऊन दोन्ही ध्वनिमुद्रणे एकावर एक ठेवली, की त्यांतील सूक्ष्म फरकांमुळे आवाज भरीव आणि चकाकता वाटतो. ही युक्ती पाश्चात्त्य पॉप संगीतात रूढ होती. बिद्दू यांनी ती 'आप जैसा कोई'मध्ये वापरली होती आणि अल्बममध्येही हाच ध्वनी कायम राखला. परिणामी हा आवाज जणू कानाशी येऊन बोलतो आहे आणि त्याच वेळी दूरवरून तरंगत येतो आहे, असा दुहेरी आभास निर्माण होतो.

संगीतरचनेत बिद्दू यांच्याबरोबर झोहेब यांचाही वाटा आहे. शीर्षकगीताचे शब्द अन्वर खालिद यांचे आहेत.

गीते

अल्बममध्ये पुढील गीतांचा समावेश आहे:

डिस्को दीवाने
लेकिन मेरा दिल
मुझे चाहे न चाहे
कोमल कोमल
तेरे कदमों को
आओ ना
दिल मेरा
धुंदली रात के
गाएँ मिल कर

यांशिवाय शीर्षकगीताची केवळ वाद्यांवर वाजवलेली आवृत्तीही अल्बममध्ये आहे. डिस्को संगीतात अशी वाद्यसंगीत-आवृत्ती देण्याचा प्रघात होता; नृत्यगृहात तबकडी वाजवणाऱ्याला ती दोन गीतांमधील दुवा म्हणून वापरता येई.

अल्बममध्ये नाझिया यांचा आवाज प्रमुख आहे, झोहेब यांचा आवाज त्याला जोड देतो. उपखंडातील युगुलगीत बहुधा नायक-नायिकेचे प्रणयगीत असे. येथे गाणारी दोघे बहीण-भाऊ असल्याने प्रश्नोत्तरे करणाऱ्या प्रेमिकांऐवजी एकत्र गाणाऱ्या मित्रमंडळींचा सूर अधिक जाणवतो. 'गाएँ मिल कर' या शीर्षकातही तोच भाव आहे. कुटुंबात बसून निःसंकोचपणे ऐकता येणारे संगीत अशी या जोडीची प्रतिमा घडण्यास ही गोष्ट साहाय्यभूत ठरली.

संगीतशैली

डिस्को हा संगीतप्रकार १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया यांसारख्या शहरांतील कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समुदायांच्या नृत्यगृहांतून उदयास आला. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' (१९७७) या चित्रपटाने तो जगभर पोहोचवला. त्याच्या तालाचे मुख्य लक्षण म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पडणारा ढोलाचा समान ठोका. मिनिटाला साधारण १२० च्या आसपास ठोके, ही त्याची नेहमीची गती. आपल्याकडील केहरव्यात आठ मात्रांची विभागणी, सम आणि खाली यांमुळे तालाला चढउतार लाभतो. डिस्कोत असा चढउतार जाणीवपूर्वक टाळलेला असतो. ठोका अखंड आणि एकसारखा राहिल्याने तालाचे शिक्षण नसलेल्यालाही पाऊल टाकता येते. या तालावर बास गिटारची उड्या मारणारी धून, झांजांचा कुजबुजता आवाज आणि व्हायोलिनच्या लांबलचक ओळी यांची रचना केली जाते.

'डिस्को दीवाने'मध्ये हा साचा घेतलेला असला, तरी चाली मात्र उपखंडातील श्रोत्याला परिचित वाटाव्यात अशा आहेत. त्या स्वरसंवादावर विसंबत नाहीत; एका सरळ, गुणगुणता येईल अशा स्वरावलीवर उभ्या आहेत. ध्रुवपद लवकर येते आणि वारंवार येते. हरकती, मुरक्या, आलाप यांना जवळजवळ फाटा दिलेला आहे. चाल ओळखीची आणि ध्वनी अनोळखी, या मेळामुळे अल्बम एकाच वेळी आपलासा आणि परदेशी वाटला. शीर्षकगीताच्या बरोबरीने अल्बममध्ये मंद गतीची, हळवी गीतेही आहेत. 'डिस्को' हे नाव असले, तरी सगळा अल्बम नृत्यासाठीच आहे असे नाही.

भाषा

गीतांची भाषा उर्दू आणि हिंदी यांच्या सीमारेषेवरील, दोन्ही देशांत सहज समजणारी बोलभाषा आहे. उर्दू गझलेतील जड समास त्यात नाहीत, तसेच संस्कृतप्रचुर शब्दही नाहीत. दिल, रात, कदम, प्यार असा मोजका शब्दसंच पुनःपुन्हा येतो. काव्यदृष्ट्या ही गीते साधी आहेत. किंबहुना हा साधेपणाच प्रसाराला उपकारक ठरला. ज्यांची मातृभाषा हिंदी वा उर्दू नाही अशा श्रोत्यांनाही, त्यांत मराठी श्रोतेही आले, ती एकदा ऐकून पाठ होत. शीर्षकगीताची 'ड्रीमर दीवाने' ही इंग्रजी आवृत्तीही पुढे काढण्यात आली.

प्रकाशन आणि प्रतिसाद

भारतात अल्बम एचएमव्ही या मुद्रेखाली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने प्रकाशित केला. हीच कंपनी आज सारेगामा या नावाने ओळखली जाते. पाकिस्तानात तो ईएमआयने काढला. तबकडी आणि कॅसेट अशा दोन्ही रूपांत तो उपलब्ध होता.

अल्बमला मिळालेला प्रतिसाद अभूतपूर्व होता. एकट्या मुंबईत प्रकाशनाच्या दिवशी एक लाख प्रती खपल्या आणि चौदा देशांच्या विक्रीयाद्यांत अल्बमला स्थान मिळाले, अशी विधाने त्याविषयीच्या लेखनात नेहमी आढळतात. मात्र त्या काळी भारतात किंवा पाकिस्तानात ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीची स्वतंत्र, अधिकृत यादी प्रसिद्ध होत नसे. शिवाय अनधिकृत कॅसेटींचा सुळसुळाट होता. म्हणून हे आकडे लोकप्रियतेचे निदर्शक म्हणून घ्यावेत, काटेकोर मोजमाप म्हणून नव्हे. लग्नाच्या वराती, गणेशोत्सव आणि नवरात्रातील ध्वनिक्षेपक, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांमध्ये त्या काळी नव्या लोकप्रिय गीतांची खरी परीक्षा होई, आणि डिस्को गीतांनी ती १९८० च्या दशकाच्या आरंभी उत्तीर्ण केली, यात शंका नाही.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास डिस्कोला ओहोटी लागली होती. जुलै १९७९ मध्ये शिकागो येथील बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्याचा प्रकार घडला होता. जेथे हे संगीत जन्मले, तेथे ते कालबाह्य ठरत असतानाच भारतीय उपखंडात त्याचा उदय होत होता, हे लक्षणीय आहे.

पाकिस्तानातील परिस्थिती

पाकिस्तानात जुलै १९७७ पासून जनरल झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती. धार्मिक धोरणाचा भाग म्हणून सरकारी दूरचित्रवाणीवरील पोशाख, नृत्य आणि संगीत यांवर निर्बंध आले होते. निवेदिकांनी डोक्यावरून दुपट्टा घ्यावा, असा दंडक होता. अशा वातावरणात एका किशोरवयीन मुलीने पाश्चात्त्य नृत्यसंगीत गाणे ही साधी गोष्ट नव्हती.

भारतीय चित्रपट पाकिस्तानातील चित्रपटगृहांत दाखवण्यास १९६५ च्या युद्धापासून बंदी होती. तरी कॅसेट आणि पुढे व्हिडिओ कॅसेट यांच्या मार्गाने 'कुर्बानी'चे गीत तेथे पोहोचले होते. आपल्याच देशातील मुलीचा आवाज शेजारच्या देशाच्या चित्रपटातून ऐकू येत आहे, ही पाकिस्तानी श्रोत्यांसाठी कौतुकाची बाब होती. 'डिस्को दीवाने'मुळे तो आवाज चित्रपटाच्या मध्यस्थीशिवाय त्यांचा झाला. शासनाला सार्वजनिक मंच आवळता आले. घरातील कॅसेट प्लेअरवर मात्र नियंत्रण ठेवणे शक्य नव्हते.

आक्षेप

अल्बमवर आणि एकूणच या धाटणीच्या संगीतावर दोन प्रकारचे आक्षेप घेतले गेले. पहिला आक्षेप गायनाविषयीचा. शास्त्रीय बैठक नसलेला, मर्यादित पल्ल्याचा आणि नाकात उमटणारा आवाज यंत्राच्या साहाय्याने सजवला आहे, असे जुन्या पठडीतील रसिकांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु पॉप संगीतात तयारीपेक्षा आवाजाची ओळख महत्त्वाची असते आणि नाझिया यांचा आवाज पहिल्या स्वरातच ओळखू येतो, हे त्यावरील उत्तर होय. दुसरा आक्षेप अनुकरणाचा. हे संगीत पाश्चात्त्य साच्यावर देशी शब्द चिकटवून बनवले आहे, अशी टीका दोन्ही देशांत झाली. चालींची घडण पाहता ती अंशतःच टिकते. या आक्षेपांच्या मुळाशी संगीताबरोबरच पिढ्यांमधील अंतर होते. मुले काय ऐकतात हे ठरवण्याचा वडीलधाऱ्यांचा अधिकार प्रथमच अशा रीतीने निसटत होता.

राष्ट्रीयत्वाचा प्रश्न

'डिस्को दीवाने' भारतीय की पाकिस्तानी, असा प्रश्न अनेकदा उपस्थित होतो. गायक पाकिस्तानी, निर्माता भारतात जन्मलेला ब्रिटिश, ध्वनिमुद्रण लंडनमधील, प्रकाशन भारतीय कंपनीचे आणि भाषा दोन्ही देशांची, अशी त्याची घडण आहे. पाकिस्तानी पॉप संगीताचे इतिहासकार तेथील पॉपचा आरंभ या अल्बमपासून मांडतात, तर भारतातील लेखक त्याला इंडीपॉपचा पूर्वज ठरवतात. दोन्ही मते आपापल्या जागी ग्राह्य आहेत. १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धे झाल्यानंतर अवघ्या दशकभरात दोन्ही देशांतील तरुण एकच कॅसेट ऐकत होते. लंडनसारख्या तिसऱ्या ठिकाणी, स्थलांतरितांच्या समाजात हे घडून येऊ शकले, हे या अल्बमच्या इतिहासातील महत्त्वाचे तथ्य होय.

प्रभाव

हिंदी चित्रपटांत डिस्कोचा शिरकाव 'कर्ज' (१९८०), 'प्यारा दुश्मन' (१९८०) आदी चित्रपटांतून झालेला होता. 'कुर्बानी' आणि 'डिस्को दीवाने' यांच्या यशानंतर त्याला उधाण आले. बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला 'डिस्को डान्सर' (१९८२) हा या लाटेचा कळस समजला जातो. चित्रपटाबाहेरही निरनिराळे प्रयोग झाले. चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही; कालांतराने मात्र ती जगभर चर्चेचा विषय झाली.

दीर्घकालीन परिणाम अधिक महत्त्वाचा ठरला. गायकाचे नाव आणि चेहरा हेच अल्बमचे आकर्षण असू शकते, ही कल्पना भारतात रुजली. अलिशा चिनॉय, श्वेता शेट्टी आदी गायिकांनी पुढे हीच वाट चोखाळली. विशेष म्हणजे अलिशा यांच्या 'मेड इन इंडिया' (१९९५) या गाजलेल्या अल्बमची निर्मितीही बिद्दू यांचीच आहे. उपग्रह वाहिन्यांच्या आगमनानंतर इंडीपॉपला जे सुगीचे दिवस आले, त्याची पेरणी दीड दशक आधी झालेली होती.

पाकिस्तानात १९८७ साली व्हायटल साइन्स या गटाचे 'दिल दिल पाकिस्तान' हे गीत गाजले आणि पॉप गटांची नवी पिढी पुढे आली. या पिढीला दूरचित्रवाणीवर मंच मिळवून देणाऱ्या 'म्युझिक ८९' या शोएब मन्सूर यांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन नाझिया आणि झोहेब यांनीच केले.

पुढील वाटचाल

पहिल्या अल्बमनंतर या जोडीने बिद्दू यांच्यासमवेत 'स्टार' या हिंदी चित्रपटासाठी गीते गायली. कुमार गौरव आणि रती अग्निहोत्री यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट १९८२ साली आला. तो अपयशी ठरला, परंतु 'बूम बूम' या नावानेही ओळखला जाणारा त्याचा गीतसंग्रह लोकप्रिय झाला. चित्रपट पडला तरी गीते टिकली, ही गोष्ट 'डिस्को दीवाने'ने सिद्ध केलेल्या तत्त्वाला दुजोरा देणारीच होती. त्यानंतर 'यंग तरंग' (१९८४), 'हॉटलाइन' (१९८७) आणि 'कॅमेरा कॅमेरा' (१९९२) असे अल्बम प्रसिद्ध झाले. 'यंग तरंग'सोबत गीतांचे व्हिडिओही तयार करण्यात आले; पाकिस्तानात तो या प्रकारातील आरंभीचा प्रयत्न होता.

शेवटच्या अल्बमनंतर नाझिया गायनापासून दूर झाल्या. त्यांनी लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले होते. पुढे त्यांनी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघात काम केले. अमली पदार्थांविरुद्धची जागृती आणि वंचित मुलांचे शिक्षण या कार्यांतही त्या सहभागी होत्या. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. २००२ साली पाकिस्तान सरकारने त्यांना 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' हा सन्मान मरणोत्तर प्रदान केला. झोहेब यांनी कालांतराने एकट्याने गायन सुरू ठेवले.

वारसा

करण जोहर दिग्दर्शित 'स्टुडंट ऑफ द इयर' (२०१२) या हिंदी चित्रपटात विशाल-शेखर यांनी शीर्षकगीताची 'द डिस्को साँग' ही नवी आवृत्ती सादर केली. तीत सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्या आवाजांसोबत नाझिया यांचा मूळ ध्वनिमुद्रित आवाजही वापरण्यात आला. अल्बम प्रकाशित झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा श्रोत्यांपर्यंत तो त्यामुळे पोहोचला. ३ एप्रिल २०१८ रोजी गूगलने नाझिया यांच्या जयंतीनिमित्त आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले.

चित्रपटासाठी लिहिलेले गीत चित्रपटाबरोबर स्मरणात राहते. त्याला कथा, प्रसंग आणि नटाचा चेहरा यांचा आधार असतो. 'डिस्को दीवाने'मधील गीतांना असा कोणताही आधार नव्हता. असे असूनही चार दशकांनंतर ती दोन्ही देशांत ओळखली जातात, यावरून उपखंडाच्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील या अल्बमचे स्थान स्पष्ट होते.